पोटाची कळ आणि मनाची धास्ती

पोट आणि मन यांचं नातं आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीनं पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं भलं पाहून पोटशूळ उठतो. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बोमाँट यांना बंदुकीच्या गोळीनं पोटाला कायमचं भोक पडलेला एक रुग्ण मिळाला. त्याच्या जठरात पाहून, रागानं पचन बिघडतं, हे त्यांनी १८३३ मध्ये नोंदवून ठेवलं.

आतड्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. हा संवाद बिघडला की 'आयबीएस'सारखा विकार जडतो. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, वारंवार कळ; तपासण्या मात्र निर्दोष. घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ!' पण कळ खरीच असते.

दिघ्याहून पाळीवर निघालेला एखादा कामगार डोळ्यांसमोर आणा. लोकलमध्ये शौचालय नाही. 'मध्येच लागली तर?' ही धास्ती दिघा गाव स्थानकातच सुरू होते. धास्तीनं आतडी आवळतात, कळ येते, कळेनं धास्ती वाढते. मग तो उपाशी निघतो, लग्नकार्यं टाळतो. पुढे कामावर खाडे पडतात आणि पगार कापला जातो.

मानसोपचार हे चक्र तोडतो. रुग्ण रोज वहीत लिहितो: काय खाल्लं, काय घडलं, मनात काय आलं, कळ केव्हा आली. 'आज फजिती होणारच' हा विचार किती वेळा खरा ठरला, हे तो तज्ज्ञासोबत तपासतो. पोटातून संथ श्वास घ्यायला शिकतो. आधी एक स्थानक, मग दोन, असा प्रवास वाढवतो. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये संमोहनाचाही उपयोग दाखवून दिला. बारा महिने औषधं घेऊनही गुण न आल्यास मानसोपचाराचा विचार करावा, असं ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मात्र आधी डॉक्टरांकडे जा. शौचातून रक्त, घटतं वजन, ताप, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास असेल, तर तपासणी टाळू नका. मानसोपचारानं सगळ्यांचं दुखणं समूळ जात नाही. पण अनेकांची कळ कमी होते, धास्ती सैल होते. शेजारच्या ठाण्यात 'आयपीएच' ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यासाठी काम करते. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. पोटासाठी मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा कसला?