हाडांतील पाटकरी

पांझरा नदीकाठची फड पद्धत धुळे जिल्ह्यातील वाचकांच्या परिचयाची आहे. नदीवर दगडी बंधारा, तेथून निघालेला पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या आणि त्यांवर लक्ष ठेवणारे पाटकरी, अशी ही काही शतकांची व्यवस्था. पाणी कोठे पोहोचले व कोठे तुटले हे पाटकऱ्यास प्रथम कळते. माणसाच्या हाडातही थेट अशीच एक व्यवस्था नांदत असते.

हाड म्हणजे घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडला जाऊन नव्याने बांधला जातो. मोडण्याचे काम अस्थिभक्षक पेशींचे, बांधण्याचे अस्थिजनक पेशींचे. जुने हाड खरवडण्यास दोन-तीन आठवडे पुरतात. तो खड्डा भरून येण्यास मात्र तीन-चार महिने लागतात. मोडणे सोपे आणि बांधणे वेळखाऊ, हे पंचायतीच्या सदस्यांना नव्याने सांगावयास नको.

कोठे मोडावे आणि कोठे बांधावे, हे ठरविण्यात मोठा वाटा तिसऱ्याच पेशींचा असतो. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातील पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेशी याच असतात. घट्ट हाडातील लहानशा पोकळीत अशी एकेक पेशी वर्षानुवर्षे बसलेली असते आणि तिचे बारीक तंतू सूक्ष्म नलिकांमधून शेजारच्या पेशींना भिडलेले असतात. या नलिकांत द्रव असतो. माणूस पाऊल टाकतो तेव्हा हाड किंचित दबते व वाकते. हा बदल हजारात एक-दोन भागांचा, डोळ्यांना न दिसणारा; परंतु तेवढ्यानेही नलिकांतील द्रव सरकतो आणि पेशीस वर्दी मिळते. पेशीच्या आवरणात दाब ओळखणारी प्रथिने असतात. त्यांपैकी ‘पीझो-१’ या प्रथिनाचा शोध २०१० मध्ये लागला, आणि त्या संशोधनाबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

द्रव खेळता असला म्हणजे ऑस्टिओसाइट पेशी ‘स्क्लेरोस्टिन’ नावाचे प्रथिन कमी सोडतात. हे प्रथिन हाडाचे बांधकाम रोखून धरणारे आहे. ते घटले की अस्थिजनक पेशी कामास लागतात. भार बंद झाला की उलट घडते. बांधकाम थांबते आणि मोडणाऱ्या पेशींना आवतण जाते. हाडाची रचना भारानुसार बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. ते नेमके कसे घडते, हे कळावयास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

गुरुत्वाकर्षणाचा भारच नाहीसा झाला तर काय होते, हे अंतराळवीरांच्या तपासणीतून दिसून आले. अंतराळात महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता पुरेशा व्यायामाअभावी महिन्याला एक ते दीड टक्का घटते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची साधारण इतकी झीज होण्यास वर्ष लागते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सुमारे आठ दिवस अंतराळात होते, तर २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अठरा दिवस काढले. एवढ्या थोड्या मुक्कामात हाडांची फारशी हानी होत नाही. प्रश्न दीर्घ मुक्कामाचा आहे.

असा दीर्घ मुक्काम पृथ्वीवरही घडतो, आणि तो खाटेवर. चोपडा, शिरपूर वा साक्रीकडील एखादी वृद्ध स्त्री ओट्यावरून घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि घरची माणसे मायेपोटी सांगतात, “आता हलू नको, पडून राहा.” पाटकऱ्यास वर्दी मिळणे येथेच बंद होते. मोडलेले हाड सांधले जात असता उरलेली हाडे विरळ होऊ लागतात. स्नायू गळतात, आणि पुढचे पडणे अधिक घातक ठरते. म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास शक्य तो दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करावे, असा आजच्या वैद्यकाचा आग्रह आहे. डॉक्टरांनी उभे करावयास सांगितले असता नातेवाइकांनी त्यास क्रूरपणा समजू नये.

यावर कोणी म्हणेल की, रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड वाहणाऱ्या, सातपुड्याच्या पायथ्याशी डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या लोकांची हाडे तर पोलादी असावयास हवीत. येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. वर्दी पोहोचली तरी दगड-चुना नसेल तर बांध कसा बांधणार? कॅल्शियम, प्रथिने आणि ड जीवनसत्त्व हे हाडाचे साहित्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या स्त्रियांच्या हाडांची घनता कमी आढळली. दुसरी गोष्ट भाराच्या स्वरूपाची. स्थिर भाराने पेशी फारशा जाग्या होत नाहीत. भार पडणे आणि सुटणे, हे त्यांना कळते. १९८४ मध्ये कोंबड्यांच्या पंखाच्या हाडांवर झालेल्या प्रयोगात दिवसाला अवघ्या ३६ वेळा दिलेल्या भाराने हाड वाढले. त्याहून कितीतरी अधिक वेळा भार देऊनही वाढ जास्त झाली नाही. तासन्‌तास वाकून कापूस वेचण्याचे कष्ट अपार आहेत, पण त्या प्रमाणात हाडांच्या पदरी काही पडतेच, असे म्हणता येत नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा वयाचा आहे. प्रौढपणी हाडात जो खनिजसाठा असतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा वयात येण्याच्या सुमारास दोनच वर्षांत जमा होतो. मुलींच्या बाबतीत हा काळ साधारण बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपासचा, म्हणजे सातवी-आठवीचा. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांत हाडावर भार झटक्याने पडतो व सुटतो, आणि पेशींना हवी असते ती हीच वर्दी. आपल्या गावांत मुलींना मैदानावरून घरकामाकडे वळविले जाते, ते बहुधा याच दोन वर्षांत.