हरणाच्या वाटेवरचा कॅमेरा

अमेरिकेत शरद ऋतू आला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. तेथे परवाना घेऊन, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या संख्येपर्यंतच ही शिकार करता येते. हरणे प्रामुख्याने पहाटे, तिन्हीसांजा आणि रात्री फिरतात. कोणत्या वाटेने कोणते हरीण केव्हा जाते हे कळावे, म्हणून शिकारी झाडाला एक कॅमेरा बांधून ठेवतात. तो ‘ट्रेल कॅमेरा’. समोरून जनावर गेले की तो आपोआप चित्र घेतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे. मग हा कॅमेरा आपण कशासाठी अभ्यासायचा? कारण असेच कॅमेरे आपल्या जंगलांत वाघ मोजतात. शिवाय स्वस्त आणि भरवशाचा कॅमेरा निवडायला जे ज्ञान लागते, ते सारे शाळेतल्या पदार्थविज्ञानात आहे.

ही कल्पना जुनी आहे. मिशिगनमधील जॉर्ज शिरास हे आधी शिकारी होते. पुढे त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. वाटेवर दोरी ताणून ठेवायची. जनावराचा धक्का लागला की मॅग्नेशियमची भुकटी भडकून चित्र निघायचे. १९०६ साली त्यांची चौऱ्याहत्तर चित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने छापली.

आजच्या कॅमेऱ्यात दोरीची जागा उष्णतेने घेतली आहे. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. हरणाच्या अंगाचा पृष्ठभाग ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन आहे असे समजा. वीनच्या नियमाने २८९८ ला ३०३ ने भागा. उत्तर येते सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर. या तरंगलांबीजवळचे किरण कॅमेऱ्यातील पायरोइलेक्ट्रिक संवेदकावर पडतात. संवेदकाचे दोन भाग परस्परविरुद्ध जोडलेले असतात. दोहोंवर सारखीच ऊब पडली तर परिणाम शून्य. जनावर एका भागासमोरून दुसऱ्या भागासमोर सरकले की विजेचा सूक्ष्म संकेत उमटतो आणि कॅमेरा जागा होतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. संवेदकाला केवळ ऊब नव्हे, तर आसपासच्या तापमानाशी असलेला फरक लागतो. म्हणून कडक उन्हाच्या दुपारी चांगला कॅमेराही जनावर चुकवू शकतो. तसेच आडवे जाणारे जनावर त्याला चटकन कळते, सरळ समोरून चालत येणारे उशिरा.

आता खरेदीकडे वळू. जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा असतो मेगापिक्सेलचा. पण पुष्कळ कॅमेऱ्यांत तो आकडा संगणकीय युक्तीने फुगवलेला असतो; मूळ संवेदकावरचे बिंदू त्याहून बरेच कमी असतात. खरा प्रश्न आहे तो विलंबाचा. हालचाल कळल्यापासून चित्र निघेपर्यंत किती वेळ जातो?

हिशेब करू. कॅमेऱ्याचा दृष्टिकोन ५० अंश आणि वाट ८ मीटर दूर असेल, तर चित्रात सुमारे साडेसात मीटर रुंदी मावते; मध्यापासून प्रत्येक बाजूला पावणेचार मीटर. हरीण मध्यावर असताना संवेदकाला कळले आणि ते सेकंदाला ४ मीटर वेगाने दुडकत असले, तर एक सेकंदाच्या विलंबात ते चौकटीबाहेर जाईल. विलंब पाव सेकंद असेल, तर ते फक्त १ मीटर सरकेल. म्हणून जादा मेगापिक्सेलपेक्षा कमी विलंबासाठी पैसे मोजणे शहाणपणाचे. एका चित्रानंतर दुसरे किती वेळाने निघते, हेही विचारावे. विणीच्या हंगामात मादीमागोमाग नर येतो. सुस्त कॅमेरा मादी टिपतो आणि नर निसटतो.

रात्रीच्या चित्रासाठी अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे मंद लाल दिसतात, पण त्यांचा प्रकाश जास्त दूर उपयोगी पडतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र तेथे सिलिकॉनच्या संवेदकाची ग्रहणक्षमता कमी असल्याने पल्ला घटतो. अंतर दुप्पट झाले की जनावरावर पडणारा प्रकाश चौथाई होतो, हा व्यस्त वर्गाचा नियमही विसरू नका.

विजेरी घटांचा खर्च किमतीत धरावा. आठ अल्कलाइन घट मिळून १२ व्होल्ट देतात. पुन्हा भरता येणारे निकेलचे आठ घट ९.६ व्होल्टच. तेवढ्यावर कॅमेरा नीट चालतो का, हे आधी पाहावे. कडाक्याच्या थंडीत लिथियमचे घट अधिक टिकतात. मोबाइलवर चित्र धाडणारा कॅमेरा सोयीचा खरा, पण त्याला संदेशवहनाचे जाळे लागते आणि दरमहा शुल्कही पडते.

विलंब मोजण्याचा एक प्रयोग शाळेच्या मैदानावर करता येईल. कॅमेऱ्यासमोर जमिनीवर दर अर्ध्या मीटरला चुन्याची खूण करा. एकदा सेकंदाला १ मीटर वेगाने, एकदा ३ मीटर वेगाने त्याच दिशेने जा. समजा पहिल्या चित्रात तुम्ही २ मीटरच्या खुणेवर आणि दुसऱ्यात ३ मीटरच्या खुणेवर दिसलात. स्थानांतील फरक १ मीटर, वेगांतील फरक सेकंदाला २ मीटर. म्हणून विलंब अर्धा सेकंद. दोन्ही वेळी संवेदकाला तुम्ही त्याच जागी कळलात, असे येथे गृहीत धरले आहे. म्हणून प्रयोग अनेकदा करून सरासरी काढा. जाहिरातीतील आकडा खरा की खोटा, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

यंत्र जसजसे चोख होते, तसतसा न्यायाचा प्रश्नही उभा राहतो. सतत पाळत ठेवून केलेली शिकार ही बरोबरीची झुंज राहते का? ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यास मनाईच केली. उलट भारतात २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे टिपली आणि त्यांत वाघांची निघाली ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रांमागे एक वाघ! अशा गणनेत अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने वाघ चौकटीबाहेर गेला, तर त्याची नोंदही निसटू शकते. शिकाऱ्याचे एक हरीण हुकले तर फारसे बिघडत नाही. येथे मात्र त्या अर्ध्या सेकंदाला मोल आहे.