‘नाही’ म्हणणारी खुर्ची

बालाजी टेलिफिल्म्स म्हटले की एकता कपूर, हे समीकरण इतके घट्ट झाले आहे की त्या कंपनीत आणखी कुणी खुर्चीवर बसते याची आठवणही राहत नाही. कंपनी १९९४ साली सुरू झाली तेव्हा एकता १९ वर्षांच्या होत्या. पण तेव्हापासून या घरात कामाची वाटणी होती. पुढे पदेही त्याच धर्तीवर राहिली: अध्यक्षपदी वडील जितेंद्र, व्यवस्थापकीय संचालक आई शोभा कपूर आणि सहव्यवस्थापकीय संचालक एकता. कथा, पात्रे, कलाकारांची निवड मुलीकडे. निर्मितीचा रोजचा गाडा आणि कारभार आईकडे. प्रेक्षकांना मुलगी माहीत आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. तरीही माझे मत असे की रोजची मालिका चालवणाऱ्या कंपनीचे खरे बळ दुसऱ्या खुर्चीत असते, म्हणजे कथा सुचणाऱ्याला वेळेवर ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या माणसात.

हे पटण्यासाठी या धंद्याचा हिशेब पाहावा लागतो. निर्मितीसंस्था मालिका बनवते, पण बहुतेक वेळा तिची मालक नसते. वाहिनी दर भागामागे ठरावीक रक्कम देते आणि मालिकेचे हक्क साधारणपणे स्वतःकडे ठेवते. त्या रकमेतून सेटचे भाडे, कलाकार, तंत्रज्ञ, जेवणखाण, गाड्या, संकलन असे सगळे भागवून जे उरेल तो नफा. अर्ध्या तासाच्या भागात गोष्ट असते वीस-बावीस मिनिटांची, आणि असे पाच-सहा भाग दर आठवड्याला द्यायचे असतात. हाताशी काही भागांची ‘बँक’ असली तर ठीक. ती संपली की सकाळी चित्रित झालेला प्रसंग रात्री प्रक्षेपित करण्याची पाळी येते. आठवड्याचा टीआरपी घसरला की वाहिनीकडून ट्रॅक बदला असा निरोप येतो, लिहून झालेले प्रसंग टोपलीत जातात आणि मेकअप करून बसलेले कलाकार नव्या पानांची वाट पाहत राहतात. शिफ्टचे तास मात्र मोजले जातच असतात. अशा वेळी कथेला अजून एक दिवस द्यायचा की आहे त्यात शूट उरकायचे, हा निर्णय प्रतिभेचा नसतो. तो कॅलेंडर आणि तिजोरी यांचा असतो, आणि कथेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला तो सहसा घेता येत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये हे उघडपणे दिसले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले आणि हिंदी-मराठी मालिकांची युनिट्स काही दिवसांत गोवा, सिल्वासा, दमण, हैदराबाद इकडे हलली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली, तेव्हा पुन्हा गाशा गुंडाळावा लागला. घरातली पात्रे अचानक रिसॉर्टमध्ये का राहायला गेली, याची सबब लेखकाने शोधली असेल. पण माणसे, कॅमेरे, कपडेपट आणि तपासण्यांचे अहवाल रातोरात हलवले ते निर्मितीची बाजू सांभाळणाऱ्यांनी. श्रेयनामावलीत त्यांची नावे सर्वांत वेगाने सरकतात.

यावर आक्षेप येईल, की कितीही शिस्त असली तरी शेवटचा शब्द वाहिनीचाच. २००८ हे त्याचे उदाहरण. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही स्टार प्लसवर २००० पासून चालू असलेली बालाजीची मालिका १८३३ भागांनंतर ६ नोव्हेंबर २००८ रोजी बंद झाली. स्टार तेव्हा नुसती वाहिनी नव्हती, बालाजीत तिचा मोठा भागहिस्साही होता. आक्षेप खरा आहे, पण पुढे काय झाले तेही पाहू. २००९ मध्ये झी टीव्हीवर ‘पवित्र रिश्ता’ (मराठी कुटुंबाची गोष्ट हिंदीत), २०११ मध्ये सोनीवर ‘बडे अच्छे लगते हैं’, २०१५ मध्ये कलर्सवर ‘नागिन’. एकाच दारावर अवलंबून राहायचे नाही, हे धोरण पटकथेच्या कागदावर ठरत नसते.

दुसरा आक्षेप असित मोदींच्या उदाहरणाचा. २८ जुलै २००८ पासून चाललेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’चा चेहरा आणि मालक तेच आहेत, तिथे दोन खुर्च्या कुठे? माझ्या मते मोदींचे वेगळेपण विनोदात कमी आणि व्यवहारात जास्त आहे. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातल्या स्तंभाची मालिका करायची, ती पात्रे पुढे ॲनिमेशनमध्येही न्यायची, ही व्यापाऱ्याची दृष्टी. एकाच माणसात दोन्ही खुर्च्या मावतात हे मान्य. असे फार थोड्यांना जमते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आईने मुलीला नाही म्हणणे वेगळे आणि पगारी सीईओने मालकिणीला नाही म्हणणे वेगळे. मग ही व्यवस्था घराण्याबाहेर चालेल कशी? बालाजीने बाहेरची माणसे आणून पाहिली. ‘क्योंकि’ सुरू झाली तेव्हा स्टार प्लसचे कार्यक्रम सांभाळणारे समीर नायर २०१४ मध्ये बालाजीचे ग्रुप सीईओ झाले आणि २०१७ मध्ये बाहेर पडले. नंतर आलेले सुनील लुल्ला २०१९ मध्ये बार्कचे, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचेच, प्रमुख झाले. ती खुर्ची बदलत राहिली. मायलेकींच्या हलल्या नाहीत. नकार देण्याचा अधिकार नात्यातून आलेला असला की कंपनी टिकते, पण तो अधिकार दुसऱ्याकडे सोपवणे अवघड होऊन बसते. बालाजीची ही मर्यादा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

२९ जुलै २०२५ रोजी ‘क्योंकि’ स्टार प्लसवर पुन्हा सुरू झाली. निर्मात्या म्हणून नावे तीच दोन आहेत: शोभा कपूर आणि एकता कपूर.