कामाची वाटणी

भाद्रपद सरत येतो, पाऊस ओसरूं लागतो, आणि शेत, परसू, चूल व घर ह्या चारही ठिकाणांहून गृहिणीस एकदांच हांक येते. ह्या दिवसांत आमच्या वर्गांतील कांहीं बांकें रिकामीं राहतात. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें : "घरीं काम होतें." हें उत्तर बहुधा खरेंच असतें, म्हणून त्याचा विचार रागानें न करतां समजुतीनें करावा, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं नर्मदाकांठच्या मणिबेली गांवाचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या उतारावर, नर्मदेच्या दक्षिण तीरीं हें गांव आहे. वस्ती मुख्यतः तडवी व वसावे ह्या आदिवासी कुळांची. घरें दाटीनें वसलेलीं नसून आपापल्या शेताच्या आसऱ्यानें टेकड्यांवर विखुरलेलीं. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात. जूनच्या अखेरीस ह्या भागांत दिवस सुमारें साडेतेरा तासांचा असतो, तो आतां बारा तासांवर येतो. म्हणजे उजेडाचा दीड तास कमी झाला, आणि काम मात्र वाढलें. मग तें पुरें होतें कसें?

ह्याचें पहिलें उत्तर पेरणींत आहे. डोंगरउतारावरील शेतकरी एकाच शेतांत एकच पीक घेत नाहीं. ज्वारी, मका, उडीद, तूर, चवळी हीं तो मिसळून किंवा ओळींनीं पेरितो. उडीद सत्तर ते नव्वद दिवसांत तयार होतो. मका त्याच्या मागोमाग येतो. ज्वारी आश्विन-कार्तिकांत कापणीस येते. तूर तर मार्गशीर्ष-पौषापर्यंत उभीच असते. सर्व पिकें एकाच आठवड्यांत पिकलीं असतीं, तर दहा हातांनींही तीं उरकलीं नसतीं. शिवाय कडधान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात, हा वेगळाच लाभ. आश्विनांतील कामाचा तोल असा ज्येष्ठ-आषाढांतच साधलेला असतो. परीक्षेच्या आठवड्यांत सारीं पुस्तकें एकदम उघडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

दुसरें उत्तर परसांत आहे. दोडका, भोपळा, वाल, काकडी ह्यांचे वेल कुडावर व छपरावर चढविलेले असतात. भांडीं घासलेलें पाणी त्यांच्या बुडाशीं जातें, चुलींतील राख किडीवर उपाय म्हणून पानांवर पडते. भाजीसाठीं कोठें जावें लागत नाहीं. चुलीवर पाणी ठेवून चार पावलें गेलें कीं काम झालें. काकडी, चवळी कोंवळी असतांना वरचेवर तोडली तर वेल अधिक दिवस फळ देतो. बियांसाठीं मात्र एक-दोन चांगलीं फळें वेलावरच पिकूं द्यावीं लागतात. पाऊस उघडतांच मोकळ्या वाफ्यांत मेथी पेरली, तर सुमारें महिन्याभरांत ती ताटांत येते.

तिसरें उत्तर चुलीपाशीं आहे. ज्वारीची किंवा मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि अंबाडीसारखी पालेभाजी हें येथील साधें जेवण. तें साधें असलें तरी उणें नाहीं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हें द्रव्य कमी असतें, तें उडीद भरून काढितो. आणि उडदांत जें मेथिओनिन कमी, तें ज्वारी पुरविते. अख्खा उडीद रात्रीं भिजत घातला, तर सकाळीं लवकर शिजतो. सरपण वांचतें आणि वेळही वांचतो. ज्या घरीं सरपण डोक्यावरून आणावें लागतें, तेथें ही वांचलेली काटकीही मोलाची.

चौथें उत्तर शेजाऱ्यांत आहे. एखाद्या घरचें काम अडलें, तर शेजारचीं माणसें मिळून तें एका दिवसांत उरकतात. घरधनी त्या दिवशीं सर्वांस जेवूं घालितो, आणि पुढें त्यांच्या कामास आपण जातो. नर्मदाकांठच्या आदिवासी गांवांत ह्या रीतीस 'लाह' म्हणतात. मजुरीस पैसा नसतांही शेत अडून राहत नाहीं, तें ह्या रीतीमुळें.

हा तोल आतां पूर्वीइतका सोपा राहिलेला नाहीं. सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रांतील महाराष्ट्राच्या ३३ गांवांत मणिबेली पहिलें. १९९३ च्या पावसाळ्यांत येथील घरांत व शेतांत पाणी शिरलें. कांहीं कुटुंबें दुसरीकडे वसविलीं गेलीं, कांहीं डोंगराच्या वरच्या अंगास राहिलीं. २०१९ च्या सप्टेंबरांत जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीस भरला. ज्या महिन्यांत पीक हातीं यावयाचें, त्याच महिन्यांत पाणी सर्वांत वर चढतें. नदीकांठची गाळाची जमीन पाण्याखालीं गेली. उताराची उरली, आणि उतारावरची जमीन तेंच धान्य देण्यास अधिक कष्ट मागते.

हे अधिक कष्ट कोणाच्या वांट्यास येतात? पिकांची वाटणी महिन्यांत झाली, शेताच्या कामाची वाटणी शेजाऱ्यांत झाली. परंतु घरांतल्या घरांत ती झाली काय? पांखरें राखणारा मुलगा सायंकाळीं माळ्यावरून उतरला कीं मोकळा होतो. त्याची आई व बहीण शेतांतून येऊन पुन्हां पाण्यास, दळणास व चुलीस लागतात. हें मणिबेलीसच नव्हे, आपणां सर्वांच्या घरीं आहे. शुभवर्तमानांतील मार्था कामानें त्रासली म्हणून तिला बोल लाविण्याची आपणांस संवय आहे. पण तिच्या हातची घागर कोणी घेतली असती, तर तीही मरीयेजवळ येऊन बसली असती, हें मनांत येत नाहीं.

म्हणून मुलांस आमचें सांगणें असें : भाकर थापतां येत नसेल, तर पाणी भरा, उडीद निवडून भिजत घाला, परसांतील भाजी तोडून आणा. ह्यास अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास बहिणीच्या पुस्तकास मिळतो. पालकांस विनंती अशी : शेंगा तोडण्याचें काम शक्य तों सुट्टीच्या दिवशीं घ्यावें, पाऊस येईल म्हणून तोडणी अडून चालत नसेल, तर लाह बोलवावी, पण नेमकी मुलगीच शाळेंतून थांबवूं नये. हंगाम पुढील वर्षीं पुन्हां येईल. चुकलेला धडा मात्र पुष्कळदां परत येत नाहीं.

नवें पीक देवास दाखविल्यावांचून खावयाचें नाहीं, ही 'नवाई'ची रीत भिल्ल समाजांत आहे. आमच्या मंडळींत कापणीची उपकारस्तुति होते. ह्या वर्षीं आपापल्या रीतीनें आभार मानतांना घरांतील एकही माणूस चुलीपाशीं अडकून राहूं नये, एवढी व्यवस्था आपण सर्वांनीं मिळून करावी.