मुसीच्या उगमाशी, सहकुटुंब

डोंगर म्हटला की मराठी मनात प्रथम गड उभा राहतो. गडाची वाट वर जाते, माथ्यावर संपते, आणि माथा गाठला नाही तर जाणे फुकट गेले, अशी आपली समजूत असते. तरुणपणी ती शोभतेही. परंतु आठ वर्षांची नात, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई आणि रविवारीही रुग्णांचे फोन घेणारा डॉक्टर असा त्रिवेणी संगम बरोबर घेऊन निघायचे असेल, तर माथ्यापेक्षा दरी बरी, असे प्रस्तुत लेखकाचे अनेक वर्षांच्या भटकंतीनंतरचे मत आहे. माथा सर्वांना एकच ठिकाण नेमून देतो. दरीत ज्याने त्याने आपापल्या बेताने थांबावे. कोणी पहिल्याच ओढ्याशी पाय सोडून बसले, म्हणून त्याची सहल अपुरी राहत नाही.

अशी दरी शोधण्यासाठी आपणा हैदराबादकरांना सह्याद्री गाठण्याची गरज नाही. चिक्कडपल्लीहून पश्चिमेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवर, विकाराबादजवळ, अनंतगिरीच्या टेकड्या आहेत. मराठवाड्यातून येथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना विकाराबादचे स्थानक चांगले परिचयाचे आहे, कारण बिदर, उदगीर, लातूर रोडमार्गे परळीला जाणारा लोहमार्ग तेथेच फुटतो. आजोळी जाताना त्या फलाटावर चहा घेतलेल्या किती जणांनी स्थानकाबाहेर पाऊल टाकले असेल, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

अनंतगिरीची उंची समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या शहराहून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर अधिक. सह्याद्री पाहिलेल्यांना हा डोंगर म्हणण्याचा संकोच वाटेल. परंतु येथील मौज उंचीत नाही, पाण्यात आहे. माथ्यावर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने पाझरते. अनंत पद्मनाभस्वामींच्या देवळापाशी भवनाशिनी नावाची पुष्करिणी आहे, आणि याच टेकड्यांत मुसी उगम पावते. तिचे पुराणकालीन नाव मुचकुंदा. येथून निघून सुमारे २४० किलोमीटर वाहत जाऊन ती नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते.

नयापुलावरून नाकाला रुमाल लावून मुसी ओलांडणाऱ्या मुलाला, ज्या ओहोळावरून उडी मारता येते तो ओहोळ ‘ही तीच नदी’ म्हणून दाखवावा. त्याच्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहण्यासारखा असतो. तेथेच बसून त्याला २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराची हकीगत सांगावी: याच पाण्याने हजारो माणसे नेली, आणि आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि पुढे मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिच्या उपनदीवर, ईसीवर, हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला, तेव्हा हुसेनसागराच्या नाल्याचे पाणी आपल्या शेजारच्या अशोकनगर-दोमलगुड्यात कसे शिरले, हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगता येईल. तो नालाही अखेर मुसीलाच मिळतो. दरी ही वरच्या पाण्याची वाट असते, ही गोष्ट मुलाला नकाशापेक्षा येथे लवकर उमगते.

आपल्या व्यवसायाशी निगडित असे आणखी एक कारण या जागेला आहे. निजामाच्या काळात येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले बेल-एअर, मिरजेचे वानलेस यांच्या नावाचे आरोग्यधाम, त्याच परंपरेतले हे दक्षिणेतील स्थान. डोंगरातील हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न हेच तेव्हा औषध होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. पुढे मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, आयसोनियाझिड व पॅस ही औषधे घरी राहून नियमित घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे अधिक धोकाही पोहोचत नाही. त्या एका निबंधाने जगभरातील आरोग्यधामांचे प्रयोजनच संपविले. डोंगरातील हवेने क्षय बरा होत नव्हता, हे खरे. पण ज्या हवेसाठी लोक महिनोन्‌महिने येथे निजून राहत, तिच्यात आपण निरोगी असताना चार तास चालण्यास वेळ काढू नये, हे काही आपल्याला भूषणावह नाही.

आता थोडे व्यवहाराचे. पठारावरून दरीत उतरण्याचा क्रम गडाच्या उलट असतो: उतार आधी, चढ शेवटी. मुले उत्साहात खाली धावतात आणि परतीच्या चढावर पाय गाळतात. म्हणून हाती असलेल्या वेळाचा एकतृतीयांश भाग संपला की, कितीही रम्य स्थळ समोर असो, माघारी फिरावे. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची असावी आणि त्यालाच पुढे ठेवावे. मागे राहिलेला माणूस विश्रांतीला पोहोचतो तेव्हा पुढचे निघालेले असतात, आणि ज्याला विश्रांती हवी तोच तिला मुकतो. मुलाच्या पाठीवर त्याची पाण्याची बाटली व टोपी याहून अधिक काही देऊ नये. गुडघेदुखीचे कारण चढ नसून बहुधा उतार असतो, तेव्हा आजींच्या हाती काठी उतरतानाच द्यावी.

इन्सुलिन अथवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांची साखर अशा अनभ्यस्त चालण्याने उतरू शकते, तीही कधी कधी रात्री घरी आल्यावर. आपण हे रुग्णांना रोज सांगतो आणि स्वतः मात्र खिशात गुळाचा खडाही न ठेवता निघतो. पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मोजे काढून तळवे पाहावेत. पावसाळ्यानंतर उंच गवतात बसल्यास स्क्रब टायफसच्या माइट चावण्याचा संभव असतो. पंधरवड्याच्या आत ताप आला तर काखेत, जांघेत काळी खपली आहे का, हे शोधण्याची आठवण ठेवावी. बेगमपेटला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहणारे रोनाल्ड रॉस त्याच वर्षी काही महिने आधी उटीजवळच्या सिगूर घाटात गेले होते आणि तेथे त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. दरीचा हा गुण डॉक्टर म्हणून कोणालाही माफ नाही.

अनंतगिरीची सवय झालेल्या कुटुंबाने पुढे लोणावळ्याहून राजमाचीची वाट धरावी. उल्हास नदीच्या खोऱ्याकडे पाहत पंधरा किलोमीटरांच्या आसपास चालणे आहे आणि गडापायथ्याच्या उधेवाडीत मुक्काम होतो. हिमालयातील फुलांच्या दरीविषयी मात्र सावध राहावे, असे मी आग्रहाने म्हणतो. गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरांवर आणि मुक्कामाचे घांगरिया ३,००० मीटरांच्या वर. म्हणजे एकाच दिवसात बाराशे मीटरांची चढण. लहान मूल डोके दुखते असे सांगत नाही. ते चिडते, जेवत नाही, झोपत नाही. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी वर न नेता खाली आणावे. जून २०१३ च्या प्रलयात गोविंदघाटाची काय दशा झाली, हेही विसरू नये.

अनंतगिरीच्या परिसरासंबंधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जवळच्या दामगुंडम राखीव जंगलात नौदलाच्या संदेशवहन केंद्रासाठी सुमारे २,९०० एकर क्षेत्र देण्यात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. संरक्षणाची गरज आणि मुसीच्या पाणलोटाची काळजी, दोन्ही बाजू गंभीर आहेत. उगमावरचे जंगल विरळ झाले तर झरे किती काळ टिकतील, ही शंका मला अस्वस्थ करते.

जायचेच तर दसरा ते संक्रांत हा काळ उत्तम. झाडांची नावे मुलांना दोन्ही भाषांत सांगावीत: पळस म्हणजे मोदुग, मोह म्हणजे इप्प, टेंभुर्णी म्हणजे तुनिकि. शाळेत तेलुगू आणि घरी मोडकेतोडके मराठी बोलणारी आपली नातवंडे ही जोडी चटकन उचलतात, आणि आजोबांना न येणारे एखादे तेलुगू नावही हसत सांगतात. दसऱ्याच्या सुमारास वाटेत बायका टोपल्यांतून रानची सीताफळे विकतात. ती लहान, बियांनी भरलेली, पण फार गोड असतात. गाडीत न खाता घरी न्यावीत, एरवी सासूबाईंच्या मांडीवर साऱ्या बिया जमा होतात.