शाळागृह, ऊन आणि वारा : गान्दो गावच्या शाळेचा धडा

शाळेची इमारत म्हणजे चार भिंती आणि छप्पर, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात असतो. पाऊस आत येत नाही, दाराला कुलूप लागते आणि फळा टांगण्यास भिंत आहे, एवढे झाले की इमारत पुरी झाली असे मानण्यात येते. परंतु चैत्रातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलांचे चेहरे ज्याने पाहिले आहेत, त्यास ही समजूत किती अपुरी आहे हे निराळे सांगावयास नको. घामेजलेले मूल पुस्तकाकडे पाहते, पण त्याचे चित्त दाराकडे असते. शिक्षकाची वाणी कितीही रसाळ असली तरी अंग भाजत असताना भागाकार डोक्यात शिरत नाही. अनुकूल इमारत शिक्षकाला साह्य करते. प्रतिकूल इमारत त्याने केलेले श्रमही वाया घालविते.

इमारत कशी असावी हे त्या ठिकाणचे ऊन, वारा, पाऊस, माती व माणसे यांचा विचार करून ठरविणे, यास पर्यावरणानुकूल रचना असे म्हणतात. नाव नवे असले तरी विचार जुना आहे. ओटा, पडवी, चौक, कौलारू छप्पर आणि अंगणातील झाड यांची योजना आपल्या पूर्वजांनी केवळ शोभेसाठी केलेली नव्हती. मात्र हा विचार आजच्या शाळागृहास कसा लागू करावयाचा, हे समजण्यास एक प्रत्यक्ष उदाहरण उपयोगी पडेल. ते दूर देशातले आहे. पण तेथील अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत.

१. गान्दो गाव आणि तेथील मुलगा

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा एक देश आहे. त्यास समुद्रकिनारा नाही. वर्षातील बरेच महिने तेथे कोरडे जातात आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. या देशात गान्दो हे शेतकऱ्यांचे एक लहानसे गाव आहे. १९६५ साली तेथील मुखियाच्या घरी फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. गावात शाळा नव्हती. सातव्या वर्षी त्यांना घर सोडून दुसऱ्या गावी शिकावयास जावे लागले. गान्दोमधून शाळेत जाणारे ते पहिलेच मूल होते. तेथील वर्ग सिमेंटच्या विटांचा, अंधारा व कोंदट होता आणि त्यात शंभराहून अधिक मुले दाटीवाटीने बसत. त्या उष्म्याची आठवण त्यांच्या मनात कायम राहिली.

पुढे सुतारकामाची शिष्यवृत्ती मिळून १९८५ साली ते जर्मनीस गेले. दिवसा काम आणि रात्री अभ्यास असा क्रम ठेवून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले व बर्लिन येथील तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रवेश मिळविला. विद्यार्थी असतानाच, १९९८ साली, गावच्या शाळेसाठी पैसा उभा करण्याकरिता त्यांनी एक संस्था स्थापन केली आणि २००१ साली गान्दोची प्राथमिक शाळा बांधून पुरी झाली. पदवी हाती पडण्यास तेव्हा अजून तीन वर्षे होती. आपल्या गावाचे ऋण कसे फेडावे, याचा हा पाठ मुलांना सांगण्याजोगा आहे.

२. इमारतीची रचना

या शाळेत तीन वर्गखोल्या एका ओळीत आहेत. दोन खोल्यांच्या मधली जागा मोकळी, पण छपराखाली आहे. तेथे वर्ग भरविता येतो आणि मुलांना सावलीत खेळताही येते. भिंती गावच्याच मातीच्या आहेत. मातीत थोडे सिमेंट मिसळून ती साच्यात दाबून विटा केलेल्या आहेत. अशी जाड भिंत उष्णता सावकाश शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा उष्मा लगोलग आत पोचत नाही.

सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना छपराची आहे. खोलीवर प्रथम मातीच्या विटांचे एक आच्छादन आहे आणि त्यात हवा वर जाण्यास फटी ठेवलेल्या आहेत. त्याच्या बऱ्याच वर, सळया जोडून केलेल्या हलक्या सांगाड्यावर पत्रा बसविलेला आहे. पत्रा आणि खोली यांच्यामध्ये अशी मोकळी जागा राहते. पत्रा तापतो, परंतु त्याची धग खालच्या मुलांच्या डोक्यावर येत नाही; मधल्या पोकळीतून वाहणारा वारा ती घेऊन जातो. खोलीतील ऊन हवा हलकी होऊन फटींतून वर निघून जाते व तिची जागा घेण्यास खिडक्यांतून ताजी हवा आत येते. वीज लागत नाही, पंखा लागत नाही. शिवाय पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला असल्यामुळे भिंतींवर सावली राहते आणि पावसाच्या माऱ्यापासून मातीचे रक्षण होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पत्रा स्वस्त आहे, हलका आहे आणि पाऊस अडवितो. म्हणून केरे यांनी तो टाकून दिला नाही. पत्र्याचा दोष कोठे आहे ते शोधून त्यांनी त्यास योग्य जागी बसविले.

हे काम गावाने केले. मुलांनी पायासाठी दगड गोळा केले, स्त्रियांनी विटांसाठी पाणी वाहून आणले आणि तरुणांनी विटा पाडण्याचे व सळया जोडण्याचे शिक्षण घेतले. ज्यांनी शाळा बांधली त्यांना ती दुरुस्त करणेही आले. हे पाहून शेजारच्या दोन गावांनीही सहकाराने आपापल्या शाळा बांधल्या. २००४ साली या शाळेस आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. विद्यार्थीसंख्या १२० वरून वाढत जाऊन पुढे ७०० च्या घरात गेली आणि जास्त खोल्या बांधाव्या लागल्या. २०२२ साली वास्तुकलेतील प्रिट्झ्कर पारितोषिक केरे यांना देण्यात आले. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुशिल्पी होत.

३. यातून निघणारी तत्त्वे

पहिले तत्त्व दिशेचे. सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे येते आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर सरळ आदळते. यास्तव इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे आखूड बाजूच तेवढ्या तापतात. खिडक्या मुख्यतः उत्तर-दक्षिणेस असाव्यात. दक्षिणेकडील हिवाळ्याचे ऊन पडवीच्या छपराने हवे तेवढे अडविता येते.

दुसरे तत्त्व वाऱ्याचे. एकाच भिंतीत खिडक्या असल्या तर हवा आत येते, पण वाट नसल्याने खेळत नाही. समोरासमोर खिडक्या व भिंतीच्या माथ्याजवळ झरोके असावेत.

तिसरे तत्त्व साहित्याचे. जवळ मिळणारी वस्तू आधी विचारात घ्यावी. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९३६ साली गांधीजींसाठी उभारलेल्या कुटीत हेच धोरण दिसते. इंग्लंडमध्ये जन्मलेले व १९४५ साली भारतात आलेले लॉरी बेकर यांनी गांधीजींच्या या विचाराचा आयुष्यभर पाठपुरावा केला. केरळात त्यांनी विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडलेल्या भिंती बांधल्या. अशा भिंतीस विटा कमी लागतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडविते.

चौथे तत्त्व पाण्याचे. छपरावरील पाऊस व अंगणातील पाऊस ही शाळेची मिळकत आहे. ती वाहून जाऊ देणे म्हणजे दारी आलेले धान्य परत पाठविणे होय.

४. एक इशारा

स्थानिक साहित्य वापरले म्हणजे इमारत आपोआप चांगली होते असे मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती जाड, पण गोल-ओबड दगड मातीत रचून केलेल्या होत्या आणि वर मातीच्या जड थराचे माळवद होते. ही घरे उन्हाळ्यात थंड राहत. परंतु भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या बाजू एकमेकींशी पुरेशा बांधलेल्या नसल्याने त्या धक्क्यासरशी फुटल्या आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

याचा अर्थ दगड वा माती टाकाऊ आहे असा करू नये. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सळयांचा व काँक्रीटचा अखंड पट्टा घेणे, छप्पर हलके ठेवणे, हे उपाय ज्ञात आहेत. परंपरेला ज्ञानाची जोड हवी, एवढाच याचा बोध. म्हणून शाळेच्या बांधकामात वा फेरफारात जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून भिंतीस हात लावू नये.

५. शाळेपासून नगरापर्यंत

जे एका खोलीचे, तेच नगराचे. डांबर व काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते बाहेर टाकतात. झाडे तुटलेली असली व इमारती दाट असल्या तर ही धग कोंडून राहते. म्हणून शहरातील रात्र भोवतालच्या खेड्यांतील रात्रीपेक्षा उष्ण असते. २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्म्यानंतर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्म्यापासून संरक्षणाची योजना आखली. गरीब वस्तीतील छपरांना पांढरा लेप देण्याचे कामही तेथे पुढे हाती घेण्यात आले. पांढरा रंग ऊन परतवून लावतो, हे साधे शास्त्र त्यामागे आहे.

पाण्याचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही नगरास जड जाईल हे खरे, आणि त्यात भरतीची भर पडली. परंतु मिठी नदीचे पात्र भरावाने व बांधकामांनी आवळलेले होते आणि पाणी मुरण्यास मोकळी भूमी थोडी उरली होती, म्हणून संकट वाढले. नदी, ओढे, तळी, मोकळी जमीन व झाडे यांना आधी जागा ठेवून मग रस्ते व घरे आखावीत, हा नगररचनेचा नियम होय. नगराच्या योजना आखणारे उद्याचे नागरिक आज प्राथमिक शाळेत बसले आहेत, हे विसरता कामा नये.

६. शाळेत करावयाचे कार्य

नवी इमारत बांधणे शिक्षकाच्या हाती नसते. पण पुढील गोष्टी थोड्या खर्चात किंवा खर्चावाचून होऊ शकतात.

(अ) तापमानाची नोंद : वर्गात, पडवीत व झाडाखाली सकाळी, दुपारी आणि सायंकाळी तापमापकाने नोंद घ्यावी. इयत्ता चौथीच्या मुलांनी तिचा तक्ता करावा. शाळेतील कोणती जागा कोणत्या वेळी बसण्यास योग्य, हे मुलेच सांगतील.

(आ) वाऱ्याची वाट : उदबत्ती पेटवून तिचा धूर कोठून कोठे जातो ते पाहावे. कोणती बंद खिडकी उघडल्याने वारा खेळू लागतो, हे लगेच कळते.

(इ) दोन डब्यांचा प्रयोग : एका डब्यास चुना व दुसऱ्यास काजळी लावून दोहोंत सारखे पाणी भरावे व ते तासभर उन्हात ठेवावेत. पाण्याच्या तापमानातील फरक पाहिल्यावर छपरास पांढरा लेप का द्यावा हे सांगावे लागणार नाही.

(ई) पावसाचे गणित : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. छप्पर १०० चौरस मीटर व वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर असेल तर ६०,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ४८,००० लिटर उरते. आपल्या शाळेचे छप्पर मोजून मुलांनी हे उदाहरण स्वतः सोडवावे.

(उ) झाडे : पश्चिमेच्या बाजूस, पायाला मुळांचा उपद्रव होणार नाही इतक्या अंतरावर, कडुनिंब वा करंज लावावा. सारे अंगण फरशीने झाकू नये. पाणी मुरण्यास माती मोकळी असावी.

(ऊ) गावच्या जाणत्यांची भेट : जुनी घरे कोणत्या दिशेस व का बांधली, भिंती कशाच्या, पाणी कोठून जाई, हे मुलांनी आजी-आजोबांना व गवंडी-सुतारांना विचारून लिहून आणावे. परिसर अभ्यासाचा हा उत्तम पाठ होईल.

वरील नोंदी वर्षभर ठेवल्यास त्यांचा आणखी एक उपयोग आहे. खोलीच्या दुरुस्तीची वा नव्या खोलीची मागणी करताना ‘उष्मा फार होतो’ असे मोघम लिहिण्यापेक्षा महिनेवार तक्ता जोडावा. ग्रामसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत तो ठेवावा. आकड्यांनी मांडलेली अडचण दुर्लक्षिणे कठीण जाते.

गान्दोच्या मुलांनी शाळेच्या पायासाठी दगड उचलले. आपल्या मुलांनी निदान आपल्या शाळेवर ऊन कोठून येते आणि वारा कोठून, हे जाणून घ्यावे. ज्या मुलाने हे एकदा मोजून पाहिले, ते मोठेपणी स्वतःचे घर बांधताना आधी आकाशाकडे व झाडाकडे पाहील आणि मग पाया खणील.