चौथे ग्राफिक्स कार्ड आणि अडलेले यंत्र

गेल्या आठवड्यात एका स्नेह्याच्या वर्कस्टेशनमध्ये चौथे ग्राफिक्स कार्ड बसवताच पडदा काळाच राहिला आणि मदरबोर्डावरील चिमुकल्या दर्शकावर ‘डी४’ ही तांबडी खूण स्थिरावली, तेव्हा कार्डच निकामी आहे असा निकाल देण्याची घाई मी केली नाही.

अनेक बायोसमध्ये या खुणेचा अर्थ, पीसीआय उपकरणांना वाटण्याजोगी पत्त्यांची जागा संपली, असा असतो. प्रत्येक कार्ड आपल्या स्मृतीसाठी पत्त्यांचा एक मुलूख मागते. आणि सारी वाटणी ४ जीबीच्या हद्दीतच उरकावयाची म्हटल्यास शेवटच्या हक्कदाराला जमीनच उरत नाही.

अशा वेळी एकच कार्ड ठेवून यंत्र सुरू करावे, बायोसमध्ये ४ जीबीच्या हद्दीपलीकडेही वाटणीची मुभा देणारे ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू करावे, कार्यप्रणाली यूईएफआय पद्धतीने बसविलेली असल्याची खात्री करून ‘सीएसएम’ ही जुन्या बायोस पद्धतीची सोय बंद करावी, आणि मग एकेक कार्ड वाढवीत जावे. आमचे यंत्र याच क्रमाने चालू झाले.

विजेचाही हिशेब तपासावा: स्लॉटमधून ७५ वॉट, आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट, ही प्रमाणित मर्यादा आहे.

आपल्या यंत्रावर कोणती खूण दिसते ते अवश्य कळवा. यथामति उत्तर देईन.